मरोळचा कोंबडा

या सगळ्या खटाटोपातून सिसिलियाला मिळायचं होतं ते असं: नऊ फूट लांब, सात फूट रुंद अशी एक खोली, तिला पूर्वेकडे खिडकी आणि दाराला आतून लागणारी कडी. खोलीवर तिचं नाव चढणार नव्हतं, कागदबिगद काही होणार नव्हता. पुतणी ल्युसी लग्न होऊन गेली की त्या खोलीत सिसिलियाने झोपायचं आणि तिथून तिला कोणी ऊठ म्हणायचं नाही, एवढाच करार. मोबदला तीस कोंबड्या.

सिसिलियाचं वय त्रेचाळीस. बोरीवलीच्या एक्सर गावठाणातल्या त्या घरात ती जन्मली आणि त्याच घरात तिने आधी बापाचं आणि मग आईचं दुखणं काढलं. दोन्ही मिळून अठरा वर्षं. स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामधे एक बोळ होता, एका अंगाला भाताचा कणगा, दुसऱ्या अंगाला जातं. आजाऱ्याची हाक तिथे नीट ऐकू येई म्हणून ती तिथे झोपायला लागली. हाका मारणारी दोन्ही माणसं गेली, पण तिचं अंथरूण काही तिथून हललं नाही. पहाटे कोणाला मागच्या दाराने विहिरीवर जायचं असलं की तिच्या पायांवरून जायचं. तिला त्याचा राग येई का, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं असतं असं नाही. हल्ली तिला बऱ्याच गोष्टी जाड गोधडीतून लागल्यासारख्या लागत. बोटाला ठेच लागली तर रक्त आधी दिसे, दुखणं मागून येई, आणि कधीकधी यायचं विसरूनच जाई.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आईबापांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून परत येताना तिचा धाकटा भाऊ ग्रेगरी आपणहून म्हणाला, "बाय, ल्युसी गेली की तिची खोली तू घे." ग्रेगरी रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळी. दिवसभर दुसऱ्याच्या मालाची पत्करलेली जबाबदारी घरी आल्यावर तो उतरवून ठेवी, त्यामुळे त्याचा शब्द गोड असे आणि फार दूर जात नसे. त्याची बायको बेटी मागून चालत होती. तिने त्या वाक्याला शेपूट लावलं. ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न, पानाला दोनशे माणूस. डुक्कर आहेच, पण कोंबडीशिवाय मरोळच्या माणसांसमोर ताट मांडायचं कसं? बाजारातून तीस कोंबड्या घ्यायच्या म्हणजे खोलीत भाडेकरूच ठेवावा लागेल. बायचा हात कोंबड्यांना लाभतो, बायने तीस काढून दिल्या तर प्रश्नच नाही.

अशी ती खोली एका वाक्यात बक्षीस होती ती दुसऱ्या वाक्यात मजुरी झाली. सिसिलिया बरं म्हणाली.

वेळ तशी चांगली होती. पावसाळ्यात अंडी नासतात, उन्हाळ्यात पिल्लं होरपळतात. थंडीत काढलेली पिल्लं जगतात, फक्त पहिला महिना त्यांना ऊब द्यायला माणूस रिकामा पाहिजे. सिसिलिया रिकामी होती, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. घरच्या दोन कोंबड्या खुडूक झाल्या होत्या, म्हणजे अंडी द्यायच्या थांबून पंख फुगवून घरटं धरून बसल्या होत्या. पण दोन कोंबड्यांच्या पंखाखाली तीस पिल्लं निघत नाहीत. आणखी दोन खुडूक कोंबड्या विहिरीपलीकडच्या रुक्मिणीकडे होत्या.

रुक्मिणी मालवणकडची. तिचा नवरा धाकू परळच्या गिरणीतली नोकरी गेल्यापासून लाकडाच्या वखारीवर पहारा करी. रुक्मिणीने आपल्या दोन्ही कोंबड्या अर्धेलीने दिल्या आणि अटी विहिरीच्या काठावर उभ्याउभ्या घातल्या. पंख तिच्या कोंबड्यांचे, अंडी आणि मेहनत सिसिलियाची, पिल्लं निम्मी निम्मी, वाटणी शिमग्याच्या आधी. पिल्लं मेली तर दोघींची मेली. कोंबडी मेली तर मात्र कोंबडीला कोंबडी द्यायची. तिला स्वतःच्या वाट्यातला एक तांबडा नर गावी न्यायचा होता, गावच्या राखणदार देवाला नवस बोलला होता तिने, धाकूची नोकरी गेली तेव्हा. बाकीच्या विकणार होती. लिहिण्यासारखं यात काही नव्हतं, आणि दोघींपैकी एकीलाही लिहिता येत नव्हतं.

चार टोपल्यांत राख, राखेवर पेंढा, पेंढ्यावर तेरा-तेरा अंडी. आठव्या दिवशी सिसिलियाने एकेक अंडं कंदिलासमोर धरून पाहिलं आणि ज्यात काळा डोळा दिसला नाही ती बाजूला काढली. एकविसाव्या दिवशी टरफलं फुटायला लागली. घरच्या कोंबड्यांखाली तेवीस निघाली, रुक्मिणीच्या कोंबड्यांखाली बावीस. रुक्मिणीची पिल्लं ओळखायला त्यांच्या डाव्या पंखाला तिने गुलाल लावला आणि तो दर आठवड्याला नव्याने लावत गेली.

त्या वर्षी डिसेंबरात कान्हेरीच्या डोंगराकडून असा वारा सुटे की विहिरीचा दोर हातात धरवत नसे. सिसिलियाने बोळातल्या आपल्या अंथरुणावरची गोधडी काढून खुराड्याला गुंडाळली आणि स्वतः दोन गोणपाटं घेतली. पिल्लांना तांदळाची कणी ती बोटांत चुरून घाली. शेताच्या बांधावरची वारुळं फोडून वाळवीसकट ढेकळं आणी आणि अंगणात आपटे. तिच्याभोवती चाळीसएक पिल्लांचा गोळा धावे. रुक्मिणी विहिरीवरून म्हणायची, "गे बाये, तुका लेकुरवाळी म्हणाक व्हया." सिसिलिया हसे. हसायचं असतं हे तिला ठाऊक होतं.

तीन घारीने नेली. दोन थंडीने गेली, एक आईच्याच पायाखाली आलं. नाताळच्या न्यूऱ्या, म्हणजे करंज्या, संपेपर्यंत आणखी काही गेलं नाही. जानेवारीच्या मध्यावर मोजदाद झाली तेव्हा अंगणात एकोणचाळीस होती. गुलालाची वीस उरली होती, त्यांतली रुक्मिणीच्या वाट्याची निम्मी, म्हणजे दहा, काढली की राहिली एकोणतीस. बेटीने दोनदा मोजलं आणि म्हणाली, एक कमी पडते, बाय. एकोणतीस कोंबड्यांत दोनशे माणसं जेवतात आणि तिसाव्या कोंबडीवाचून उपाशी राहतात असं काही नाही. पण करार तीसचा होता, आणि बेटी करारात कधी सूट देत नसे.

ती तिसावी कोंबडी पुढच्या रविवारी चालून आली. म्हणजे ॲम्ब्रोज घेऊन आला.

ॲम्ब्रोज हा नवऱ्या मुलाचा, अर्बनचा बाप. मरोळला त्याची भातशेती, दोन विहिरी आणि मोठा आवाज. बायको आणि मुलासह तो लग्नाची तारीख पक्की करायला आला, आणि त्याच्या काखेत होता एक तांबडालाल कोंबडा, तुरा टपोरा, पायांना हिरवी रिबीन. आमच्या घरची रीत आहे, तो म्हणाला, मुलाच्या घरचा कोंबडा मुलीच्या अंगणात नांदला पाहिजे. लग्नाच्या दिवशी हाच पहिल्या टेबलावर. पंधरा दिवसांनी मी येतोच, बघायला कसा रुळलाय.

बेटीने तो दोन्ही हातांनी घेतला. तीस झाल्या.

कोंबडा सिसिलियाच्या हातात आला तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं ते त्याचं वजन. एवढ्या मोठ्या पक्ष्याचं वजन असायला हवं तेवढं नव्हतं. मग त्याने पापणी मिटली आणि ती उघडायला वेळ घेतला. चोचीतून तारेसारखी लाळ लोंबत होती. रिबिनीखाली पायांवर हिरवट-पांढरी शीट वाळलेली होती. सिसिलियाने असं सत्तेचाळीस सालात पाहिलं होतं, त्या वर्षी गावठाणात पहाटे आरवायला एकही कोंबडा शिल्लक नव्हता.

पाहुणे ओटीवर चहा घेत होते. ती बेटीला स्वयंपाकघरात घेऊन आली.

"बेटी, कोंबडा बरा नाही. आठ दिवस वेगळा डालग्याखाली ठेवते."

"दमलाय तो. मरोळहून आलाय."

"दमलेला नाही."

"आणि पंधरा दिवसांनी ते आले की काय सांगू? तुमचा कोंबडा आम्ही वाळीत टाकलाय?" बेटीचा आवाज खाली होता. "बाय, तुला एका कपाची गोष्ट आठवते ना?"

आठवत होती. दोन वर्षांपूर्वी ल्युसीला वांद्र्याचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आजीच्या पुढ्यात चुकून कान तुटलेला कप गेला. कोणी काही बोललं नाही, आजीने चहासुद्धा संपवला. ती माणसं पुन्हा आली नाहीत. तेव्हापासून या घरात पाहुण्यांसमोर कप जाण्याआधी तीन माणसं तो तपासत.

सिसिलियाने उभ्याउभ्या हिशेब मांडला, मनात, आणि तो मांडताना तिला काहीच वाटलं नाही, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. कोंबडा वेगळा ठेवला, मरोळच्या माणसांना लागलं आणि लग्न मोडलं, तर ल्युसी खोलीतच. कोंबडा आत सोडला आणि तिला वाटतंय ते खरं निघालं, तर तीस कोंबड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर खोली. पण कदाचित तो खरंच दमलेला असेल. या कदाचितमधे दार उघडं होतं, दुसऱ्या दोन बाजूंना भिंत होती. पाहुणे बघत असताना तिने कोंबडा अंगणात सोडला. तो दोन पावलं चालला आणि थांबला. पिल्लं कुतूहलाने त्याच्याभोवती जमली. ॲम्ब्रोजने टाळी वाजवली.

संध्याकाळी रुक्मिणी पाण्याला आली. हंडा काठावर ठेवून तिने अंगणात बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोंबो खंयचो गे? बरो दिसणा नाय."

इथे एक गोष्ट होऊ शकत होती. रुक्मिणीच्या दोन कोंबड्या आणि गुलालाची पिल्लं त्याच घटकेला विहिरीपलीकडे जाऊ शकत होती. त्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण काळोख पडायच्या आत चर्चपर्यंत आणि चर्चमधून मरोळपर्यंत पोचलं असतं. एक्सरमधून मरोळला बोलणं माणसापेक्षा लवकर पोचे.

"दमलाय," सिसिलिया म्हणाली. "मरोळहून आलाय."

रुक्मिणीने मान हलवली. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिने आणखी दोन प्रश्न विचारले असते. कोंबड्यांच्या बाबतीत सिसिलियाला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. तिने हंडा उचलला आणि गेली.

कोंबडा गुरुवारी मेला. रविवारी पिल्लांना सुरुवात झाली. चार गेली. दुसऱ्या दिवशी अकरा, मग चौदा, मग सात, आणि गुरुवारी उरलेली तीन. मोठ्या कोंबड्या अधूनमधून गेल्या, आधी रुक्मिणीच्या दोन, मग घरच्या. माना पिळवटल्यासारख्या मागे वळत. एक पिल्लू दिवसभर उलटं चालत होतं, भिंतीला लागलं की थांबायचं, मग पुन्हा चालायचं, उलटंच. सिसिलिया त्यांना लसूण ठेचून चारत होती, पाणी पाजत होती, आणि मेलेली उचलून माडामागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरत होती. पुरताना डाव्या पंखावर गुलाल आहे का बघायची. तसं बघायची आता गरज नव्हती. हात सवयीने पंख उचलत होता.

रुक्मिणी दोन दिवस मदतीला आली. तिने खड्डा खणला. काही विचारलं नाही, सुस्कारे टाकले आणि दोन्ही दिवस घरून चहा करून आणला. ग्रेगरीने खुराड्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि कामावर गेला. ल्युसी तेवढी रडली, तीही पाच मिनिटं. तिच्या पोशाखाचं माप द्यायची वेळ झाली होती.

बेटीने रडण्यात वेळ घालवला नाही. ॲम्ब्रोज यायच्या आदल्या दिवशी ती बोरीवलीच्या बाजारात गेली आणि तीन दुकानं फिरून एक तांबडालाल कोंबडा आणला. तुरा जरा लहान होता. पायांना तीच हिरवी रिबीन बांधली, उकळत्या पाण्यात धुऊन. तो एकटाच अंगणात ऐटीत फिरायला लागला. बाकीच्या कोंबड्या कुठे, असं कोणी विचारलं तर त्या मुलुंडला बेटीच्या भावाकडे ठेवल्यात, इथे मुंगूस फार, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं.

ॲम्ब्रोज आला, कोंबड्याला उचलून त्याने वजन अजमावलं आणि खूश झाला.

"पंधरा दिवसांत कसा भरलाय बघ," तो बायकोला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? या घरात जीव रमतो."

मग तो ओटीवर टेकला आणि सुटकेच्या स्वरात बोलायला लागला. नाताळानंतर मरोळला त्याच्या अंगणात मर आली होती. बत्तीस कोंबड्या गेल्या, हा एकच वाचला होता. याला तरी लांब पाठवावं म्हणून तर तो लगेच घेऊन आला, रीतही झाली आणि जीवही वाचला.

"खरं सांगू का विहीणबाई, मी त्याच दिवशी सांगणार होतो, आठ दिवस डालग्याखाली ठेवा म्हणून. ही म्हणाली, असं कसं सांगता, त्यांना वाटेल रोगट कोंबडा दिला. तुम्हाला लागलं असतं."

"छे," बेटी म्हणाली. "आम्हाला कसलं लागतंय."

सिसिलिया चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले, पाच. एकाचाही कान तुटलेला नव्हता. ती पुन्हा आत गेली आणि चुलीपुढे बसली. आता काहीतरी येईल, राग किंवा रडू, असं वाटून ती थोडी थांबली. काही आलं नाही. चुलीत लाकूड पुढे सारायला झालं होतं, तिने ते सारलं.

सोमवारी ती विहीर ओलांडून रुक्मिणीकडे गेली. रुक्मिणी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. सिसिलियाने सांगितलं, ठरल्याप्रमाणे कोंबडीला कोंबडी, दोन कोंबड्या मी देणं लागते, पावसाआधी देईन. रुक्मिणीने सूप हलवलं.

"रोगान मेली, त्येका तू काय करतलंस? सवडीन दी."

एवढ्यावर मिटलं होतं. उठून यायचं होतं. सिसिलिया उठली नाही. रुक्मिणीने दोनचार खडे वेचून बाहेर टाकले, मग हात थांबवून तिच्याकडे बघितलं. ती मूर्ख बाई नव्हती. खड्डा खणताना तिने जे विचारलं नव्हतं ते आता विचारलं.

"तुका म्हायत होतां?"

"होतं."

सुपावर बसलेली माशी रुक्मिणीने उडवली. आत धाकू पहाऱ्याहून येऊन झोपला होता, त्याचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

"मगे दोन नाय," रुक्मिणी म्हणाली. "बारा दी."

दोन आया, दहा पिल्लं. बरोबर होतं. रोगाने मेली असती तर दोघींची मेली असती. माहीत असून मेली म्हणजे एकीची. सिसिलिया बरं म्हणाली. रुक्मिणीने पुन्हा सूप हलवायला घेतलं, आणि त्या दिवसानंतर तिने तिला गे बाये म्हटलं नाही. विहिरीवर भेटली की पाण्यापुरतं बोलायची.

लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी झालं आणि चांगलं झालं. बाजारच्या कोंबड्यांची चव अंगणातल्या कोंबड्यांसारखी नसते असं दोनचार म्हाताऱ्या म्हणाल्या, पण पानात काही टाकलं नाही कोणी. दारूबंदी होती म्हणून बाटल्या टेबलाखाली होत्या. पहिल्या टेबलावर ॲम्ब्रोजच्या पुढ्यात तो रिबिनीचा कोंबडा अख्खा आला, आणि मरोळच्या कोंबड्याला तोड नाही असं तो तीनदा म्हणाला. दुसऱ्या सोमवारी ग्रेगरीने मान खाली घालून सिसिलियाला सांगितलं की कोंबड्यांचा खर्च अंगावर आला, खोली भाड्याने द्यावी लागतेय, वर्षभरापुरती. बघू पुढे. चंद्रप्रकाश नावाचा एक कारकून पेटी आणि सायकल घेऊन राहायला आला. माणूस सभ्य होता. पहाटे विहिरीवर जाताना बोळात शिरला की आधी खोकायचा, म्हणजे सिसिलियाला पाय आखडून घेता येत.

तेव्हा कोणी काय दिलं ते असं. ॲम्ब्रोजने एक कोंबडा दिला, तो तसाही मरणारच होता. रीत पाळल्याचा मान त्याने वर घेतला. बेटीचा गेला तो एका बाजारच्या कोंबड्याचा खर्च, आणि मुलुंडच्या भावाकडच्या कोंबड्यांबद्दलची थाप वर्षभर सांभाळायची मेहनत. ग्रेगरीचं काही गेलं नाही, खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला येत होतं. ल्युसी मरोळला सुखात होती. रुक्मिणी शिमग्याला गावी गेली ती राखणदारासाठी कोंबड्याऐवजी नारळ घेऊन, आणि पुढच्या वर्षी नक्की आणीन असं बोलून. राहिलेलं सगळं सिसिलियाने भरलं. त्यात खोली एकदाच गेली. कोंबड्या मात्र तिने पुढच्या थंडीपासून फेडायला घेतल्या, बाजारातून अंडी आणि एक खुडूक कोंबडी विकत आणून, रुक्मिणीकडे न मागता. पहिल्या वर्षी पाच दिल्या, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी तीन. शेवटची दिली तेव्हा रुक्मिणीने कोंबडीचे पाय बघितले, पंख उचलून बघितले, डोळे बघितले, आणि मग घेतली.